चौदा उंबऱ्यांचं गाव

गाव वसवायचं, त्यात राहायचं आणि वर तलवार घेऊन राक्षसांनाही चोपायचं! असे व्हिडिओ गेम्स खेळायला सॉल्लिड मजा येते. पण स्वतः एखादा बनवायला बसलं की कळतं, दगड-विटा स्वस्त असतात. महाग पडतात ती माणसं.

‘सिमसिटी’ खेळताना अमुक घरात कोण राहतं असा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला? मला तरी नाही पडला. शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत आतेभावाच्या पीसीवर मी शहरंच्या शहरं वसवली. हिरवा पट्टा ओढला की राहती घरं, निळा ओढला की दुकानं-ऑफिसं, पिवळा ओढला की कारखाने. लोकसंख्येचा आकडा वाढला की आम्ही एकमेकांना टाळ्या द्यायचो. रस्त्याच्या मध्ये वस्ती आली? बुलडोझर! एक क्लिक, थोडी धूळ, विषय संपला.

त्याच सुट्टीत शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे तरी प्लेस्टेशनवर रोल-प्लेइंग गेम चालू असायचा. त्याला सगळे आरपीजी म्हणतात. तिथे उलटा प्रकार. तुम्ही एकच माणूस. सुरुवातीला अंगात फारसा दम नाही, हातात कामचलाऊ तलवार. गावातल्या प्रत्येकाशी बोलायचं, त्यांची कामं करायची, मारामाऱ्या करत ताकद वाढवायची. पण गाव आपलं जिथल्या तिथे. शेवटच्या राक्षसाला लोळवून परत आलात तरी विहिरीपाशी उभा असलेला बुवा बहुतेक वेळा जुनंच वाक्य ऐकवणार.

या दोन प्रकारांचं लग्न लावलं की तयार होतो टाउन-बिल्डिंग आरपीजी. आणि कुठल्याही लग्नासारखंच, बाहेरून दिसतं तेवढं हे सोपं नसतं.

हे मला इतक्या ठामपणे सांगता येतंय कारण माझा एक मित्र सध्या असा गेम बनवतोय आणि त्यातले संवाद मी लिहितेय. मोबदला म्हणून आत्तापर्यंत मिसळ मिळाली आहे. हा पठ्ठ्या हिंजवडीत आठ वर्षं कोडिंग करत होता. वर्षभरापूर्वी त्याने राजीनामा दिला. हाताशी दीड वर्षाच्या खर्चाचे पैसे, कोथरूडच्या फ्लॅटचा हप्ता बायकोच्या पगारातून. तिची अट एकच: दीड वर्ष म्हणजे दीड वर्ष, त्यानंतर रेझ्युमे अपडेट करायचा. तिसरी पार्टनर कोल्हापुरात बसून चित्रं काढते. झाली आमची कंपनी!

गेमचा फंडा असा: घाटाच्या पायथ्याशी नदीकाठी एक ओसाड गाव. तुम्ही तिथे परतता. घाटातल्या गुहांमध्ये उतरायचं, तिथल्या भुताखेतांशी दोन हात करायचे, सामान आणायचं आणि एकेक घर पुन्हा उभं करायचं.

देवाचं काम आणि माणसाचं काम

मुळात गाव वसवण्यात एवढी मजा असते, हे कळलं कसं? विल राइट या अमेरिकन डिझायनरने १९८४ मध्ये ‘रेड ऑन बंगेलिंग बे’ नावाचा गेम केला होता. हेलिकॉप्टरमधून बेटांवरचे कारखाने उडवायचे, असा मामला. त्यासाठी बेटं रचायला त्याने एक टूल बनवलं आणि त्याच्या लक्षात आलं की बॉम्ब टाकण्यापेक्षा रस्ते आणि इमारती मांडण्यातच आपल्याला जास्त मजा येतेय. मग त्याने शहरांवर वाचायला सुरुवात केली. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांचं ‘अर्बन डायनॅमिक्स’ हे १९६९ चं पुस्तक त्याच्या हाती लागलं. शहर म्हणजे आवक-जावकीचं गणित, असा त्यातला विचार. त्यातून १९८९ मध्ये ‘सिमसिटी’ आला. म्हणजे या गेमचं रक्तच आकडेमोडीचं. त्यात कुणाचं नाव नसणार, हे ओघानेच आलं.

वरून बघणारा देव आणि खालून चालणारा माणूस, दोन्ही एका गेममध्ये बसवायची हिंमत जपानी मंडळींनी लगेच केली. क्विंटेट कंपनीचा ‘ॲक्टरेझर’ १९९० मध्ये आला. त्यात तुम्ही चक्क देव असता. एका भागात मूर्तीत उतरून राक्षसांशी लढायचं, दुसऱ्या भागात ढगांतून वाकून वस्ती कुठल्या दिशेने वाढवायची ते सांगायचं. पण खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. तुमची ताकद वाढते ती लोकसंख्येवर! जितकी माणसं जास्त, तितका देव दमदार. आणि शेवटी? जगात सगळं आबादीआबाद झाल्यावर देव खाली बघतो, तर देवळं रिकामी. लोकांचं बरं चाललंय, आता त्यांना हाक मारायची गरज उरलेली नाही. ३५ वर्षांपूर्वीचा गेम आहे हा, बॉस! १९९३ मधल्या दुसऱ्या भागातून गाव वसवणं काढून टाकलं गेलं, उरली नुसती हाणामारी. पहिल्याची आठवण जशी निघते तशी दुसऱ्याची निघत नाही, यात मला नवल वाटत नाही.

१९९५ मध्ये कोनामीच्या ‘सुइकोडेन’ने वेगळी वाट धरली. एका जुन्या चिनी कादंबरीतल्या १०८ वीरांची कल्पना योशिताका मुरायामा यांनी उचलली. तुम्हाला एक पडका किल्ला मिळतो आणि जगभर फिरून १०८ माणसं गोळा करायची असतात. लोहार आला की किल्ल्यात भट्टी पेटते, दुकानदार आला की दुकान उघडतं. किल्ला आपण बांधत नाही, माणसं जमली की तो आपोआप भरत जातो. सगळे १०८ जमवले तर गोष्टीचा शेवटही बदलतो. मुरायामांनी पुढे ‘आयुडेन क्रॉनिकल: हंड्रेड हीरोज’ या गेममध्ये याच कल्पनेला पुन्हा हात घातला. तो एप्रिल २०२४ मध्ये बाजारात आला, पण तो बघायला ते नव्हते. दोनच महिने आधी, फेब्रुवारीत ते गेले.

पण आमच्या कंपनीचं कुलदैवत म्हणाल तर ‘डार्क क्लाउड’. फुकुओकाच्या लेव्हल-फाइव्ह या कंपनीचा हा पहिलाच गेम, जपानमध्ये डिसेंबर २००० मध्ये आला. एक दुष्ट जिनी गावंच्या गावं उद्ध्वस्त करतो. घरं, झाडं, माणसं सगळं छोट्या गोळ्यांमध्ये बंद होऊन तळघरांत विखुरलं जातं. तुम्ही ते गोळे शोधून आणायचे आणि मोकळ्या मैदानावर गाव पुन्हा मांडायचं. इथपर्यंत ठीक आहे. गंमत यापुढे सुरू होते, कारण परत आलेल्या माणसांना मतं असतात! कुणाला पाण्याजवळ घर हवं, कुणाला अमक्याच्या शेजारीच राहायचंय, कुणाचं दार ठरावीक दिशेला हवं. (वास्तुशास्त्रवाले तिथेही पोचलेत, म्हटलं.) एकाचं ऐकावं तर दुसऱ्याचं बिनसतं. सगळ्यांच्या मागण्या पुऱ्या झाल्या की बक्षीस. मग त्याच गल्ल्यांमधून पायी हिंडायचं. मघाशी वरून ठेवलेलं घर आता डोक्यापेक्षा उंच असतं आणि आतला माणूस दारात येऊन बोलतो. मी हा गेम पहिल्यांदा खेळले तेव्हा एकाच घरासाठी अर्धा तास जागा बदलत बसले होते, आणि कंटाळा अजिबात आला नव्हता.

नळ आणि मोरी

आता जरा किचनमध्ये जाऊ. असा गेम उभा राहतो तो ग्राफिक्सवर नाही, हिशोबावर. गेममध्ये पैसा, लाकूड, धान्य जिथून येतं तो नळ. जिथे ते खर्च होतं ती मोरी. जगभरचे डिझायनर साधारण याच अर्थाचे शब्द वापरतात. नळ जोरात आणि मोरी तुंबलेली असली की खेळणारा तिसऱ्या दिवशीच शेठ होतो आणि मग त्याला करायला काही उरत नाही. मोरी मोठी आणि नळाला करंगळीएवढी धार असली की तो वैतागून गेम बंद करतो.

आम्ही पहिले दोन महिने कॉम्प्युटरला हातच लावला नाही. चौकटीच्या वहीचा मोठा कागद, घरांसाठी शर्टाची बटणं, धान्यासाठी हरभरे. मित्राच्या डायनिंग टेबलवर शनिवारी रात्री डाव मांडायचा. दहाव्या दिवसापर्यंत (गेममधल्या) हरभऱ्यांचा ढीग लागायचा. मोरी कुठे पाडायची? कर लावून पाहिला, तो भरताना खेळणाऱ्यांचे चेहरे रिटर्न भरताना होतात तसे झाले. चोरांची धाड आणून पाहिली, ती अन्यायाची वाटली. उत्तर शेवटी कोल्हापूरहून फोनवर आलं: शाकारणी! पावसाळ्याआधी कौलं चाळायची, फुटलेली बदलायची. जितकी घरं जास्त तितकी कौलं जास्त, शिवाय माकडं आहेतच. खर्च दरवर्षी ठरलेला, पण त्याचा राग कुणालाच येत नाही. उलट पहिला पाऊस पडतो आणि एकही घर गळत नाही, तेव्हा बरं वाटतं.

काय दाखवायचं याइतकंच काय लपवायचं हेही ठरवावं लागतं. २०१३ च्या ‘सिमसिटी’वर काम करणारे डिझायनर स्टोन लायब्रँडे यांनी खऱ्या शहरांतल्या गोष्टी मोजून पाहिल्या, तर पार्किंगच इतकी जागा खातं की तसंच्या तसं दाखवलं असतं तर गेम कंटाळवाणा झाला असता. मग गाड्या जमिनीखाली पार्क होतात असं मानून टाकलं. पुण्यातल्या वाचकांनी उसासा टाकायला हरकत नाही.

वेळेचंही तेच. लढणाऱ्याला सेकंदाचा हिशोब, घर बांधणाऱ्याला महिन्यांचा. निन्टेंडोच्या कात्सुया एगुचींनी ‘ॲनिमल क्रॉसिंग’मध्ये हा प्रश्न मुळातूनच काढून टाकला. त्यांचा गेम तुमच्या भिंतीवरच्या घड्याळावर चालतो. रात्री उघडला तर तिथेही रात्र. एगुची नोकरीसाठी चिबा सोडून क्योटोला आले, घरचे आणि मित्र मागे राहिले, त्या एकटेपणातून हा गेम सुचल्याचं त्यांनी सांगितलंय. पहिला भाग २००१ चा. ‘न्यू होरायझन्स’ हा भाग २० मार्च २०२० ला आला. तेव्हा जग दारं लावून घरात बसत होतं आणि पाच दिवसांनी आपल्याकडेही लॉकडाउन सुरू झाला. शेजारी जाऊन गप्पा मारण्याची सोय त्या दिवसांत फक्त गेममध्येच होती.

आम्ही मात्र धोपटमार्ग धरला. गुहेत उतरलात की गावातला एक दिवस संपतो. उतरायचं की गावात थांबून भिंत बांधायची, रोज सकाळी ठरवा.

७८० जोड्या

सुरुवातीला आमच्या गावात ४० माणसं होती. लोहार, सुतार, गुरव, पोस्टमन, तमाशातून रिटायर झालेला ढोलकीवाला, सगळे. कागदावर गाव कसं भरल्यासारखं दिसायचं. मग एका रविवारी मित्राने एक्सेल उघडलं.

एका माणसाला तीन ऋतू, दिवसाच्या तीन वेळा आणि प्रत्येक वेळेला किमान पाच वाक्यं. झाली ४५. चाळीस जणांची १८००, तीही मी एकटीने लिहायची. एका माणसाचं चित्र, हालचाल, चेहऱ्यावरचे भाव याला कोल्हापुरात पाच दिवस लागतात. म्हणजे २०० दिवस. हे सगळं एकवेळ जमवता आलं असतं. पण गावात माणसं एकमेकांना ओळखतात! कुणाचं कुणाशी पटतं, कोण कुणाचं देणं लागतो, कुणाच्या बांधावरून कुणाची भांडणं. चाळीस माणसांत अशा जोड्या होतात ७८०. चौदा माणसांत फक्त ९१. माणसं साधारण एक तृतीयांशावर आणली, तर नाती जवळपास नऊ पटींनी घटली. हा हिशोब बघून तो बराच वेळ काही बोललाच नाही.

एरिक बॅरोनचं उदाहरण अशा वेळी सगळे देतात. सिअ‍ॅटलकडचा हा मुलगा २०११ मध्ये कॉम्प्युटर सायन्स शिकून बाहेर पडला, नोकरी मिळेना, म्हणून हात साफ करायला गेम बनवू लागला. चित्रं, संगीत, कोड, संवाद, सगळं एकट्याने. साडेचार वर्षं लागली. मधल्या काळात एका थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवायची पार्टटाइम नोकरी केली आणि घर चालवायला जोडीदारणीची मदत होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘स्टारड्यू व्हॅली’ आला आणि २०२४ अखेरपर्यंत त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या. मित्र ही स्टोरी घरी अधूनमधून ऐकवतो. एकदा त्याची बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “तिचं नाव आहे का रे डब्यावर?” त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशीही नव्हतं.

शेवटी चौदा उंबरे ठरले. सव्वीस माणसं कमी केली आम्ही तीन बैठकांमध्ये. ढोलकीवाला गेला तेव्हा कोल्हापूरवाली दोन दिवस फोनवर बोलली नाही, तिने त्याचा फेटा आधीच रंगवला होता. पोस्टमन गेला, त्याचं काम दुकानदाराकडे दिलं. कुठलं माणूस ठेवायचं याची कसोटी आपसूकच तयार झाली: ज्याला काही हवंय आणि जो एखाद्या गोष्टीला नाही म्हणू शकतो, तो राहील.

सगळ्यात मोठं ‘नाही’ होतं कासारीण आजींचं. पावसाळ्यात नदी चढली की बाजाराची माणसं येऊ शकत नाहीत, त्यामुळे पूल हवाच. पुलाला टेकू मिळेल असा खडक काठावर एकच, आणि आजींचं घर नेमकं त्यावर. तीन मार्ग ठेवले. वरच्या अंगाला लांबचा पूल बांधा, नऊ दिवस जास्त लागतील. नाहीतर आजींची अट पुरी करा: नव्या घरातून नदी दिसली पाहिजे आणि दारात फुललेला सोनचाफा पाहिजे. चाफा लावून फुलायला गेममधलं एक वर्ष. तिसरा मार्ग, घर पाडा. आजी तालुक्याला भाचीकडे निघून जातात.

यावरून जे भांडण झालं ते विचारू नका. कोल्हापूरचं म्हणणं, पाडायचा पर्यायच नको. मित्र म्हणाला, मग तो निर्णय राहत नाही, पाट्या वाचत चालणं होतं. ठेवू या, पण गावातली पत वीस गुणांनी कमी करू. मला ते वीस गुण खटकले. दंड लावला की त्याची किंमत होते. खेळणारा वीस गुण मोजणार आणि मोकळा होणार. ‘स्टारड्यू’मध्ये पडकं समाजमंदिर तुम्ही धान्य-फळं-मासे गोळा करून हळूहळू उभं करू शकता किंवा मोठ्या कंपनीची मेंबरशिप घेऊन पैसे फेकू शकता. तिथे मग कंपनीचं गोदाम होतं. दुसरा मार्ग घेतलात म्हणून गेम तुमचे गुण कापत नाही. गोदाम मात्र तिथे उभं असतं, रोज दिसतं.

म्हणून आम्ही दंड काढला. संध्याकाळी सगळे पारावर बसतात, त्यात आजींची जागा तेवढी मोकळी सोडली. कुणी काही बोलत नाही.

मित्राच्या जुन्या ऑफिसातल्या पाच जणांना खेळायला बसवलं. तिघांनी लांबचा पूल बांधला. एकीने चाफा लावला आणि वर्षभर होडीवर भागवलं. पाचवा प्रोजेक्ट मॅनेजर. त्याने विसाव्या मिनिटाला घर पाडलं, पूल झाला, बाजार भरला, धंदा जोरात. आणखी अर्धा तास खेळला. मग त्याने विचारलं, “ती परत येते का?”

“नाही.”

त्याने पुढे काही विचारलं नाही. मेन्यू उघडला आणि ‘नवा खेळ’ दाबलं. मित्राने वहीत फक्त वेळ लिहिली.

आज चौदापैकी नऊ माणसं गावात हिंडू-फिरू लागली आहेत. पैसे सहा महिन्यांचे उरलेत, गुहांचं काम बरंच मागे आहे आणि गवंड्याचे पावसाळ्यातले संवाद माझ्याकडे लटकलेत. गेल्या शनिवारी मित्राच्या बायकोने पहिल्यांदाच कंट्रोलर हातात घेतला. आम्ही दोघं मागे श्वास रोखून उभे. ती दीड तास खेळली, चाफा लावला, कौलंही वेळेत चाळून घेतली. उठताना म्हणाली, “छान आहे रे. पण एवढी माणसं कामं करतात, चहा कुठे पितात?”

टपरी नव्हती. टपरी म्हणजे टपरीवाला आला, म्हणजे पंधरावं माणूस. ४५ वाक्यं, पाच दिवस, १४ नव्या जोड्या. मित्राने माझ्याकडे पाहिलं आणि एक्सेल उघडलं.